स्लायडरसम्राट

प्रत्येक सोसायटीत असे एक तरी काका असतातच. बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, फंडाच्या पैशातून कॅमेरा घेतलेले आणि अंगात असंख्य खिशांचं जाकीट घालून सकाळी दूध आणायला जाणारे. पण कॅमेरा हे नुसतं निमित्त. त्यांचा खरा दिवस उगवतो तो रात्रीची जेवणं आटोपल्यावर, लॅपटॉपवर फोटो सुधारायचं लाइटरूम उघडलं की.

ही विद्या यूट्यूबवरून घेतलेली असते आणि ती ठरलेल्या इयत्तांनीच पुढे सरकते. आधी सॅच्युरेशन. या काळात कास पठार, नातवाचा स्वेटर आणि वाटीतलं आम्रखंड एकाच तेजाने झळाळतं. मग क्लॅरिटी. तिच्यात काकूंच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती मोजून घ्यावी इतकी उठून येते आणि पुढचे काही दिवस घरातला चहा बिनसाखरेचा होतो. एचडीआरच्या काळाबद्दल न बोललेलंच बरं. त्यानंतर फसलेला प्रत्येक फोटो ब्लॅक अँड व्हाइट होऊ लागतो आणि त्यात 'मूड' शोधायची जबाबदारी आपल्यावर येते.

थंडीत काका भिगवणला जातात. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. मुळात हा पक्षी पांढुरका. त्याचा गुलाबीपणा शेवाळ आणि कोळंबीच्या जातीचे बारके जीव खाऊन येतो, म्हणजे पोटातून येतो. काकांचा रोहित मात्र स्लायडरमधून येतो. एकदा त्यांनी आदल्या वर्षीचा फोटो नावाड्याला मोठ्या हौसेने दाखवला. नावाड्याने मोबाइल उन्हात आडवा धरला, उभा धरला आणि अगदी आदबीने विचारलं, "सायेब, ह्ये कुठलं पाखरू म्हणायचं?"

काका खचले नाहीत. "रॉ फाइल आहे ती," म्हणाले. हे त्यांचं ब्रह्मास्त्र. हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा हे ऐकल्याशिवाय सुटत नाहीत, की जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, तर 14 बिटांच्या रॉमध्ये तब्बल 16,384! माहिती अगदी खरी आहे. एवढ्या पायऱ्या असतात म्हणूनच काळोखात बुडालेला चेहरा वर काढता येतो. फक्त तो चेहरा कुणाचा आणि त्यावर काय चाललंय, हा प्रश्न काकांच्या अभ्यासक्रमात अजून आलेला नाही.

गणेशोत्सवात सोसायटीची फोटो स्पर्धा असते आणि परीक्षक कोण, हे सांगायला नकोच. काका आधी हिस्टोग्राम बघतात आणि वेळ उरला तर फोटो. पेशंटकडे ढुंकूनही न पाहता रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखे. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने विसर्जनाचा फोटो दिला होता. बापाच्या खांद्यावर बसलेला पोरगा. सगळी मिरवणूक पुढे बघतेय आणि हा मागे वळून, नुकत्याच ओलांडून गेलेल्या फुगेवाल्याकडे. एका हातात झांज, पण ती वाजवायची विसरून गेलेली. मी तर त्या फोटोपुढून हललोच नाही. काकांनी पडद्यावर बोट आडवं धरलं. "क्षितिज कललंय. शिवाय हायलाइट्स उडाल्यात." पहिलं बक्षीस गेलं ते रूल ऑफ थर्ड्समध्ये चोख बसवलेल्या मोदकांच्या ताटाला.

वाद घालायला जावं तर काका थेट अॅन्सेल अॅडम्सला साक्षीला उभं करतात. अॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो 1941 साली काढला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या प्रिंट्समधलं आकाश तो डार्करूममध्ये काळं करत राहिला. "मग आम्ही केलं तर काय बिघडलं?" बिघडलं काहीच नाही. पण अॅडम्सला ते दृश्य आधी गाडीतून जाताजाता दिसलं होतं. त्याने घाईघाईने गाडी थांबवली. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजावरून एक्स्पोजरचा हिशेब मनातच केला. दुसरी प्लेट घ्यायच्या आत कबरस्तानातल्या क्रुसांवरचं ऊन गेलंसुद्धा. डार्करूम नंतरची. काकांच्या बाबतीत डार्करूम आधी येते आणि दिसायचं राहूनच जातं.

तरी या माणसाला मोडीत काढू नये. शेजारच्या आजोबांचा एकुलता एक फोटो कसरीने खाल्ला होता. फेट्याचा तुरा आणि अर्धा कान गायब. काकांनी तो स्कॅन केला आणि कितीतरी रात्री बसून क्लोन स्टँपने कणाकणाने भरून काढला. काम इतकं सफाईदार, की कसर कुठे लागली होती ते घरच्यांनाही सांगता येईना. मुलगा म्हणाला, "काका, चेहराही जरा तुकतुकीत करा ना." काका त्याच्यावर चक्क डाफरले, "डाग फोटोचे होते, ते काढले. सुरकुत्या त्यांच्या आहेत. त्यांना हात लावणारा मी कोण?" या कामाचा पैसाही घेतला नाही. हे शहाणपण स्वतःच्या फोटोंच्या वेळी कुठे जातं, देव जाणे.

तेव्हा तुमच्या ट्रंकेत बुरशी धरलेले, फाटलेले, पिवळे पडलेले फोटो असतील, तर ते आजच तुमच्या सोसायटीतल्या काकांकडे पोचवा. डोळे मिटून द्या. नवा फोटो मात्र त्यांना चुकूनही दाखवू नका. आणि त्यांनी स्वतःचा पुढे केलाच, तर "छान" एवढ्यावर भागणार नाही; "शॅडोज काय सुरेख उचलल्यात!" म्हणा आणि लिफ्ट गाठा.