साहेब व्हीसीत आहेत

पूर्वी कचेरीत गेलं की शिपाई सांगायचा, "साहेब राउंडला गेलेत." साहेब खरोखर कुठंतरी गेलेले असायचे; निदान चहाला तरी. आता मिरजेत स्टेशन रोडपासून एमआयडीसीपर्यंत कुठल्याही दारात उभे राहा, उत्तर एकच: "साहेब व्हीसीत आहेत." साहेब चार पावलांवर काचेच्या खोलीत बसलेले असतात. हातवारे चाललेले असतात. कुणाचं बिल अडलंय आणि कुणाला नारळ मिळणार, हे बाहेर बाकावर बसलेल्यांना काचेतून शब्दन्‌शब्द कळत असतं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो पुण्यातला माणूस मात्र दर दोन मिनिटांनी म्हणतो, "सर, आवाज तुटतोय."

सरकारी कचेऱ्यांनी 'व्हीसी', म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, रुळवली, 2020 च्या टाळेबंदीनं ती घरोघरी नेली आणि आता सहा माणसांच्या कंपनीलाही तिच्यासाठी स्वतंत्र खोली लागते. जागा कुठली? जिन्याखालची. नाहीतर जिथं बंद पडलेलं झेरॉक्स मशीन, गणपतीच्या माळा आणि मालकांच्या वडिलांची लोखंडी तिजोरी होती ती. तिजोरी हलत नाही, म्हणून तिला सनमायका मारून 'साइड युनिट' म्हणतात. खोली 8 बाय 10 ची, खुर्च्या आठ, त्याही फिरत्या. आतल्या टोकाच्या माणसाला लघवीला जायचं असेल तर आधी तीन जणांनी उठावं लागतं, त्यामुळं तो बिचारा सकाळपासून पाणीच पीत नाही.

मग सजावट. खाली चेहरा दिसेल अशी व्हिट्रिफाइड टाइल, दोन बाजूंना काच, वर पीओपी. एका भिंतीवर कंपनीचं नाव ॲक्रिलिकच्या अक्षरांत, मागून एलईडीचा उजेड. समोर 55 इंची टीव्ही, इतका जवळ की पहिल्या खुर्चीतल्याला पुण्याच्या मॅनेजरची फक्त मिशी दिसावी. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा बांबू. सगळं झाल्यावर कुणीतरी नवखा विचारतो, "माइकचं काय?" उत्तर तयार असतं, "लॅपटॉपला असतोय की!"

असतोय, खरं आहे. पण टाइल आणि काच आवाज पीत नाहीत, टोलवतात. तोंडातून निघालेला शब्द माइककडं सरळ जातो, आणि त्याच्या मागोमाग जमिनीवर, काचेवर, छतावर आपटून आलेल्या त्याच्याच नकला पोचतात. लॅपटॉपला चिकटून बसलेल्या साहेबांचं निभावतं. अंतर दुप्पट झालं की सरळ येणारा आवाज सहा डेसिबलनं पडतो, नकला मात्र जवळजवळ तेवढ्याच राहतात. म्हणून टेबलाच्या टोकाला बसलेले अकाउंटंट पुण्यात नुसते घुमतात. त्यांनी इकडं "अठरा टक्के" म्हणावं आणि तिकडं "आठ" लिहिलं जावं, एवढ्यावर कंपनीचा नफा ठरतो.

दिसण्याचीही तीच गत. खिडकी साहेबांच्या पाठीशी, कारण डोळ्यांवर उजेड त्यांना सोसत नाही. कॅमेरा त्या खिडकीच्या उजेडावरून आपलं माप ठरवतो आणि साहेबांचा चेहरा काळा पडतो. ओळख लपवलेल्या साक्षीदारानं टेंडरची माहिती द्यावी, तसं दिसतं.

लांबच्या माणसाशी बोलायची काचेची खोली आपल्याला नवी नव्हती. एसटीडी बूथ आठवत असेल. समोर लाल आकडे पळायचे, आणि रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा म्हणून तेव्हा रांग लागायची. आत माणूस ओरडून बोलायचा, पण मुद्द्याचं बोलायचा. अमेरिकेत तर 1964 सालीच एटी अँड टी कंपनीनं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागोत चेहरा दाखवणाऱ्या फोनचे बूथ उघडले होते. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला तीन मिनिटांचे 16 डॉलर. गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. आपल्याला मिनिटाचे पैसेच पडत नाहीत, म्हणून तासाभराच्या बैठकीतला पहिला पाव तास "आवाज येतोय का" विचारण्यात जातो आणि शेवटचा, कोण म्यूटवर राहिलं ते शोधण्यात.

दुसऱ्या गावात हे चालून गेलं असतं. पण मिरज? हे गाव आवाजावर मोठं झालं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडं वळले, आणि पुढं गावात सतारमेकरांची अख्खी गल्लीच झाली. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, त्याला लाकडाची दांडी जोडायची. तंबोरा पुरा झाला तरी काम संपत नाही. जवारी काढणारा कारागीर घोडी घासत बसतो, तारेखाली सुताचा धागा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवतो, आणि स्वर कानाला पटल्याशिवाय उठत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. त्याच गावात इंटिरिअरवाला लाखाची खोली करून देतो आणि चावी देताना आत उभं राहून एक टाळीसुद्धा वाजवून बघत नाही.

त्या मानांकित तंबोऱ्याचं पडद्यावर काय होतं, तेही ऐका. लांबच्या शिष्यांना ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. बैठकीच्या सॉफ्टवेअरला पंखा, एसी असले अखंड, एकसारखे आवाज गाळायला शिकवलेलं असतं. तंबोराही अखंड, एकसारखा वाजतो. सॉफ्टवेअर ऐकतं, विचार करतं आणि ठरवतं: पंखा. गुरुजी इकडं डोळे मिटून जुळवताहेत, तिकडं शिष्याला निव्वळ शांतता. लांबवलेला षड्जसुद्धा मध्येच गिळला जातो. झूममध्ये यावर 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे. ती चालू केली की तंबोरा परत येतो. (कचेरीत ती चालू करू नये, एसी परत येतो.) थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. तंबोऱ्याला गोंगाट समजणारं यंत्र त्यांना पाहावं लागलं नाही, हे बरंच झालं.

पण यंत्राला किती बोल लावायचा? ज्याच्यासाठी खोली बांधली त्याचा विचार माणसांनी तरी कुठं केलेला असतो? समजा, मिरजेचीच एक मुलगी बंगळुरूत बसून अशाच एका कंपनीचं काम करते. बैठकीत इकडं सहा जण आणि तिकडं ती एकटी. इकडं कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतं, सगळे हसतात. तिला फक्त हसणं ऐकू येतं. तिनं पडद्यावर हात वर केल्याचं चिन्ह कधीपासून लावलेलं असतं, पण त्या कोपऱ्यावर नेमका प्लॅस्टिकचा बांबू आलेला. शेवटी साहेब म्हणतात, "कुणाला काही शंका? नाही ना? चला." लाल बटण दाबलं जातं, चहा येतो आणि खरी बैठक तेव्हा सुरू होते. सगळं ठरतं. मग कुणाला तरी आठवतं, "अहो, मॅडमना कळवायला पायजे की." "मेल टाका."

11 एप्रिल 2016 ला याच मिरजेच्या स्टेशनातून पाण्याची गाडी सुटली आणि जवळपास पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरवरच्या तहानलेल्या लातूरला पोचलं. बंगळुरूला एक वाक्य पोचवणं त्याहून अवघड निघालं.

इलाज आजोबांच्या पेढीवर होता. खाली गादी, पाठीला तक्के, दाराला जाड पडदा, भिंतीला चोपड्यांची उघडी फडताळं. तिथं आवाज घुमत नसे, म्हणून कुणी ओरडत नसे. लाखाचा सौदा कुजबुजत व्हायचा. आपण ती गादी काढून टाइल बसवली आणि आता घुमतंय म्हणून फोमचे चौकोन ऑनलाइन मागवतो. पडदा लावा, सतरंजी अंथरा, फायलींचं कपाट आत आणा, चार खुर्च्या बाहेर काढा. टेबलाच्या मधोमध एक बरा माइक ठेवा, खिडकीकडं पाठ नको, तोंड करा. वायफायच्या भरवशावर राहण्यापेक्षा वायर ओढा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. एवढं सगळं ॲक्रिलिकच्या नावाच्या खर्चात बसावं. तरी कुणी करत नाही, कारण सतरंजीची फीत कापता येत नाही आणि लॅनच्या वायरीशेजारी आमदारांचा फोटो निघत नाही.

तेव्हा नवी खोली बांधणाऱ्यांना एक विनंती. नारळ फोडण्याआधी टेबलाच्या अगदी टोकाच्या खुर्चीत बसा, नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोला आणि पलीकडच्या माणसाला ती परत म्हणून दाखवायला सांगा. "येतोय, येतोय आवाज" एवढंच तो म्हणाला तर ते उत्तर धरू नका. टाळेबंदीपासून ते सगळेच देताहेत.