टायर पाहून राह्यलो

वरात मांडवाशी आली की बाया ओवाळणीचं ताट घेऊन पुढे होतात, पोरं बँडपुढे नाचतात आणि रामाकोन्याचे काकाजी नवरदेवाच्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसतात. चष्मा कपाळावर, झेंडूची माळ एका हाताने बाजूला सारलेली, दुसऱ्या हाताचा अंगठा टायरच्या खाचेत. "एकशेपासष्ट, ऐंशी, आर चौदा, पंच्याऐंशी टी," असं पुटपुटत ते खिशातून डायरी काढतात. आत भटजींनी पत्रिका केव्हाच जुळवलेली असते. बाहेर काकाजी टायरची जुळवत असतात. एकदा सावनेरकडच्या एका ड्रायव्हरला वाटलं, हा म्हातारा नवरीकडचा दिसतो, जोडे लपवायचे सोडून हवा सोडायला बसला. त्याने काकाजींना बखोटीला धरून उभं केलं. काकाजी शांतपणे म्हणाले, "काही नाही बाबू, टायर पाहून राह्यलो."

काकाजींना स्वतःचं नाव आहे, पण ते खसऱ्यावर. गावात ते पद्मिनीवाले काकाजी. ही पद्मिनी म्हणजे १९७४ची प्रीमिअर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, अंगाने फियाट ११०० आणि नावाने चित्तोडची राणी. नाव बदललं तरी आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात. काकाजींच्या वडिलांनी संत्र्याचा आंबिया बहार चांगला साधला त्या साली ती नागपूरहून जुनी आणली. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, इंजिन १०८९ सीसीचं आणि आवाज असा की गाडी सौंसरच्या रस्त्याला लागली हे काकूंना स्वयंपाकघरात कळतं.

गाडीला दुखणं एकच: टायर. कडेला इतक्या चिरा की नाक्यावरचा पंचरवाला हवा भरताना तोंड फिरवून बसतो. आणि उपाय म्हटला तर साधा आहे. चार टायर घ्यायचे. पण काकाजी टायर शोधत नाहीत, टायर पाहतात. शोधणाऱ्याला सापडण्याची घाई असते.

आता त्यांची बाजूही सांगायला हवी, कारण प्रश्न खरोखरच सोपा नाही. गाडीच्या मूळ टायरचा आकार ५.२०-१४. म्हणजे रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंच, संपलं. उंची लिहायची गरजच नव्हती. त्या काळी टायर जेवढं रुंद, जवळजवळ तेवढंच उंच. जात नायलॉनची, आत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे. पुढे रेडियल आलं आणि हिशोब मिलिमीटर आणि टक्क्यांत गेला. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, तिच्या ८० टक्के उंची, रिम तेच १४ इंची. स्विफ्ट-डिझायरच्या साध्या मॉडेलांना हेच टायर यायचं, म्हणून सौंसरमध्येसुद्धा सहज मिळतं. कोणीही शहाणा माणूस तिथंच थांबला असता.

काकाजींनी सुतळी काढली. जुन्या टायरभोवती गुंडाळून खडूची खूण केली आणि भुईवर ताणून मोजली: १९१ सेंटिमीटर. मग जावयाच्या स्विफ्टला. जावई दिवाळीला आलेला, अंगाला उटणं लावून पाटावर बसलेला, आणि सासरे अंगणात त्याच्या गाडीला सुतळी गुंडाळतायत. भरली १९५. "चार सेंटिमीटर!" काकाजी ओरडले. जावयाला वाटलं काहीतरी चावलं. काकाजींचा हिशोब असा, की चाक मोठं झालं तर दर ५० किलोमीटरमागे मीटर जवळजवळ एक किलोमीटर कमी दाखवणार. "म्हणजे गाडी खोटं बोलणार. या वयात?"

गाडीचा मीटर कित्येक वर्षं बंद आहे. काटा वीसवर अडकलेला आहे आणि गाडी शेडमध्ये उभी असतानाही वीसच दाखवतो. हे कोणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "आज बंद आहे. उद्या चालू झाला मग?"

मूळ मापाच्या सगळ्यात जवळचं टायर १५५/८० आर १४. उंचीत तीनेक मिलिमीटरचा फरक. हे काकाजींनी कागदावर शोधून काढलं आणि नागपुरातल्या दुकानदारांना विचारलं. एकाने सरळ हात जोडले. दुसरा म्हणाला, १७५/६५ घेऊन जा, तेही चौदाच आहे. काकाजींनी उभ्या उभ्या गुणाकार केला. पूर्ण चाक ५८३ मिलिमीटर, मूळच्या ६०७पेक्षा चोवीस कमी. "गाडी उकिडवी बसल्यावाणी दिसन," म्हणून ते परत आले. उकिडवं बसण्यातलं त्यांच्याइतकं आमच्या गावात कोणाला कळत नाही.

काकाजींची मोठी कमाई म्हणजे सल्लागार. पंचरवाला म्हणाला, "दोनच घ्या ना काकाजी. पुढं रेडियल, मागं नायलॉन राहू द्या." काकाजींनी त्याला तिथंच खाटेवर बसवून शिकवलं. रेडियलची पकड जास्त. पुढची चाकं रस्ता धरून ठेवतात आणि मागच्यांना ते जमत नाही; वळणावर गाडीची मागची बाजू निसटते. एका धुरीवर दोन जाती तर कधीच नाही, आणि नाइलाजाने मिसळायचेच असले तर रेडियल मागे. "सिल्लेवानी घाटात पुढं रेडियल, मागं नायलॉन घेऊन उतरशील तर मागची चाकं तुह्या आधी खाली जातीन." बोललेलं सगळं खरं होतं. पण सिल्लेवानी घाटाचं नाव निघालं की काकाजींचा विषय सरकतो, कारण त्याच घाटात कधीकाळी त्यांच्या डाव्या चाकाची वाटी निसटून दरीकडे गेली. अजूनही छिंदवाड्याला बसने जाताना ते त्या वळणावर खिडकीतून मान बाहेर काढतात. कंडक्टर ओळखीचे आहेत, विचारतात, "दिसली का?"

पुण्याच्या भाच्याने स्विफ्टच्या अलॉयचे फोटो पाठवले. पंधरा इंची, काळे, मधे लाल रेघ. काकाजींनी चष्मा पुसून ते बघितले आणि एकच प्रश्न पाठवला: "पीसीडी किती?" म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. भोकं दोन्हीकडे चारच, पण स्विफ्टचा व्यास १०० मिलिमीटर आणि पद्मिनीचा ९८. दोन मिलिमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पान्याने ओढून बसवलं तर बसल्यासारखंही वाटतं. पुढे कधीतरी बोल्ट सैल होतात आणि चाक मालकाला मागे टाकून निघून जातं. शिवाय रुंद टायर घातलं की उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला दोन माणसं लागतील, कारण पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग म्हणजे काकाजींचेच दंड. भाच्याने यावर अंगठा पाठवला. तो होकार होता की निरोप, हे काकाजींना अजून कळलेलं नाही.

शाळेतल्या गुरुजींनी वेगळीच बाजू धरली. "काकाजी, छोटी लाईन होती ना आपली? अडीच फुटी. २०१५ला बंद केली अन् मोठी टाकली. सरकारनं आख्खी रेल्वे रुंद केली, तुमच्यानं टायर रुंद होत नाही?" काकाजी म्हणाले, "सरकारनं रूळ पण बदलले. माह्या रिमचं काय?"

इथे ते खरे बरोबर होते. पद्मिनीच्या रिमा जुन्या, अरुंद, गंजून कडेला पापुद्रे सुटलेल्या. दोन तर ठोकूनही आऊट. ट्यूबलेस टायर त्यावर चढलं तरी हवा धरणार नाही; आत ट्यूब टाकावीच लागणार, आणि गंजाचा कंगोरा ट्यूब खाणार. तेव्हा आधी रिम, मग टायर. हा क्रम त्यांनी डायरीत लाल शाईने लिहिला आणि त्यानंतर, २०१८च्या जानेवारीत, आधी टायर घेतले. काकूंनी संक्रांतीच्या सुगडांसोबत त्या चार टायरांनाही हळदीकुंकू लावलं. त्यांना वाटलं, सुटलो.

टायर १६५/८०च होते. काकाजींनी ते बारदानात गुंडाळून धान्याच्या कोठीत उभे ठेवले. ऊन नको, ग्रीस नको, एकावर एक थप्पी नको. महिन्यातून एकदा जाऊन पाव चक्कर फिरवायचे, एकाच जागी वजन नको म्हणून. चार नातवंडांनी मिळून आजोबांकडून एवढे लाड करून घेतले नसतील. आणि ते रिमांच्या वाटेला लागले.

माझं मत विचाराल तर काकाजींचं सगळ्यात सुखाचं पर्व हेच. टायर घेतल्याचं समाधान आणि न बसवल्याचं स्वातंत्र्य, दोन्ही एकाच कोठीत. या काळात आजूबाजूच्या चार गावांनी त्यांच्या विद्येचा भरपूर उपयोग करून घेतला. कोणी जुनी बोलेरो घेतोय, काकाजींना न्या. ते टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून सांगतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. "मालक म्हणते मागल्या वर्षी टाकले? टाकले असतीन. जन्मले २०१२च्या चाळिसाव्या आठवड्यात." या एका वाक्यावर सौदे पाच-पाच हजारांनी उतरले आहेत. खाचेतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं, म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, की टायर संपलं, हे आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्या पोरांनाही त्यांनीच शिकवलं. लोक चहा पाजतात, चांगले टायर घालून निघून जातात. काकाजी चालत घरी येतात.

मधे एक वकील म्हणाले, गाडी पन्नास वर्षांची होतेय, २०२१च्या नियमाने व्हिंटेजमध्ये नोंदवा. नंबरात व्हीए येईल, मान मिळेल. काकाजी हुरळले. मग वकिलांनी पुढचं वाचलं: अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची, रोजच्या कामाला नाही. "म्हणजे जामसावळीच्या मारुतीले नाही?" "नाही." "सौंसरच्या बाजाराले?" "नाही." काकाजी उठले. दुरुस्तीला आणता येते या सवलतीवर आपलं आयुष्य निघू शकतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं, पण त्या बोलल्या नाहीत.

रिम शेवटी मुंबईत मिळाल्या. काकाजींचा होरा होता की काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या मोडीत निघाल्या की रिमा मातीमोल होतील. शेवटची टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. म्हणजे २०२३चा ऑक्टोबर. काकाजी तेवढे थांबले. त्याच महिन्यात पांढुर्णा जिल्हा झाला आणि रामाकोना छिंदवाडा जिल्ह्यातून निघून त्यात गेलं. लाईन बदलली, जिल्हा बदलला, टायर कोठीत. मग काकाजी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सामानाच्या दुकानांत पोचले, तेव्हा त्यांना कळलं की बाकीच्या टॅक्स्या कधीच भंगारात गेल्या, आणि रिम विकणारा आता त्यांना भंगार म्हणत नाही, अँटिक म्हणतो. घासाघीस करून चार घेतल्या. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली पोत्यात घालून आणल्या. टीसीने विचारलं, काय आहे? काकाजींनी त्याला पीसीडी समजावून सांगितला. भुसावळपर्यंत.

नोव्हेंबरात मुहूर्त ठरला. पंचरवाला कॉम्प्रेसर घेऊन घरी आला, गुरुजी आले, काकूंनी नारळ काढला. काकाजींनी कोठीतून टायर आणून बारदान सोडलं. काळेभोर, खाचेतले केस अजून शाबूत. सवयीने ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर नेला आणि शेवटचे चार आकडे वाचले. ३११७. मग कॅलेंडरकडे पाहिलं. बोटं मोजली.

"सहा वर्षं अन् सोळा आठवडे," काकाजी म्हणाले. "म्हातारे झाले."

"काकाजी, कंपनीवाले दहा वर्षं सांगतात!"

"कंपनीवाला बसणार आहे का गाडीत?" सहा वर्षांवरचं टायर घालू नये असं त्यांनी स्वतः अर्ध्या तालुक्याला सांगितलेलं. शब्द कसा फिरवणार?

पंचरवाल्याने शेडकडे हात केला. "अन् ते खालचे? ते कवाचे हायेत?"

"त्याइच्यावर तीनच आकडे आहेत. २०००च्या आधीचे. तीन आकड्यांत दशक कळत नाही." काकाजींचा आवाज वकिलासारखा झाला. "ज्याचं वय माहीत नाही त्याले म्हातारा कसं म्हणू?"

काकूंनी नारळ उचलला आणि खोबऱ्याची चटणी केली.

कोठीतल्या त्या चारांपैकी दोन टायर शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या लहान बंडीसाठी मागून नेले, जुन्या रिमांसकट. बैलांना मऊ चालते म्हणून तो खूश. काकाजींनी देताना हात आखडला नाही, पण दिल्यावर पाठ सोडली नाही. पंच्याऐंशी टीमधला टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल; त्या बाबतीत बैलांकडून धोका नव्हता. पंच्याऐंशी म्हणजे मात्र एका टायरवर ५१५ किलो. परवा भर रस्त्यात त्यांनी कापसाची बंडी अडवली. मागे मोटारसायकली थांबल्या, एक बस थांबली.

"हवा किती भरली रे?"

"मावली तेवढी, काकाजी."

"अन् बोझा?" काकाजी चाकाशी बसले, अंगठा खाचेत. "दोन टायरचे एक हजार तीस. बंडीचं वजन त्यातच धरायचं. पोते मोज, मोठ्यानं मोज."

बसमधून कंडक्टर ओरडला, "काकाजी, सापडली का वाटी?"

"ते नाही बाबू," काकाजी न वळता म्हणाले, "टायर पाहून राह्यलो. हं, बोल रे, किती झाले? सात?"