फोर-टेनवाले आबा

"१२ बोअर म्हणजे आळशी माणसाचं हत्यार," एवढं वाक्य आबांच्या तोंडून निघालं की ऐकणाऱ्याने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवावी. आता लिफ्ट चार वेळा येऊन जाणार आणि आपण तळमजल्यावरच उभे राहणार, हे आमच्या टॉवरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आबा आधी एक पौंड शिसं घेतात, अर्थात हवेतल्या हवेत. त्याचे बारा सारखे गोळे करतात. त्यातला एक गोळा ज्या नळीत चपखल बसेल ती १२ बोअर. वीस गोळे केले तर गोळा लहान, नळी बारीक, ती २० बोअर. अठ्ठावीस केले तर आणखी बारीक. आकडा वाढतो तशी नळी रोडावते. इथवर ऐकणारा मान डोलावत असतो. मग आबा चष्मा काढतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "आणि फोर-टेन?"

फोर-टेनला गोळ्यांचा हिशेब लागू नाही. तिचा आकडा म्हणजे नळीचा सरळ व्यास, एका इंचाचे ४१० हजारांश. गोळ्यांत मोजायचीच झाली तर एका पौंडात सदुसष्ट-अडुसष्ट गोळे भरतील. "अख्ख्या खानदानात ही एकटीच सरळ बोलणारी," असं आबा सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा धाकट्या मुलीचं कौतुक करणाऱ्या बापाचा होतो.

आबा मूळचे कागलकडचे. पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्यात शेती अधिकारी म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि मुलाने आईवडिलांना आणून बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये चौदाव्या मजल्यावर ठेवलं. त्यांची कानडी निपाणी-चिकोडीकडची. गेटवरचा सिक्युरिटीवाला ती ऐकून हसतो, आणि आबा त्याच्या कानडीला 'बाटलीतली कानडी' म्हणतात. खिशात पाकीट असतं. लोक पाकिटात देवाचा फोटो ठेवतात त्या जागी आबांनी प्लॅस्टिकमध्ये घालून एक पावती ठेवली आहे : कोल्हापुरातल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे एकनळी फोर-टेन जमा केल्याची.

बंदूक आजोबांची. गावी असताना दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि निवडणुकांना आपल्याकडे कधी तोटा नव्हता. "ती सासरी कमी आणि ठाण्यातच जास्त नांदली," असं काकू म्हणतात. परवान्याचं नूतनीकरण मात्र आबा कधी चुकवत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, तेव्हा घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि आबा खट्टू झाले. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून मिरजेकडे पळायचं एक हक्काचं कारण दोन वर्षं लांबलं होतं. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. "मला काय, एक पुरते," असं आबा तेव्हा म्हणाले होते, राज्य सोडून वनात निघाल्यासारखे.

आता त्यांचं तत्त्वज्ञान. फोर-टेनचं अडीच इंची काडतूस जेमतेम सव्वा तोळा छर्रा टाकतं. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात पावणेतीन तोळे. पावणेतीन तोळ्यांचा सडा घातला की चाळीस पावलांवरचा पारवासुद्धा पडतो, मारणारा कसाही असो. सव्वा तोळ्याला मात्र तो पंचवीस पावलांच्या आत यावा लागतो. आणि पारवा पंचवीस पावलांच्या आत येतो तो बंदुकीच्या जोरावर नव्हे, अकलेच्या जोरावर. "नळी जितकी बारीक, बाळ, तितकं डोकं जास्त लागतं," असा निष्कर्ष निघेपर्यंत काकू आतून बोलतात, "एवढा तोळ्याचा हिशेब सोन्याचा केला असता तर सुनेच्या हातात पाटल्या असत्या."

अक्कल कुठे लावायची, तर रानात. शाळू काढून झालेला असे, धसकटं उभी असत, सांडलेल्या दाण्यांवर पारवे उतरत. त्यांची वस्ती गावच्या जुन्या विहिरीच्या कपारींत. विहिरीच्या तोंडाशी उभं राहून, घरातून निघणाऱ्या पारव्यांवर बार टाकणाऱ्यांना आबा शिकारी मानत नाहीत. "ते दरोडेखोर." खऱ्या माणसाने वाऱ्याकडे पाठ करून लपण करायचं. समोर वीसेक पावलांवर लाकडाचे रंगवलेले पारवे मांडायचे, घोड्याच्या नालेच्या आकारात. चोची वाऱ्याकडे, कारण पाखरू उतरताना वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. नालेचं तोंड वारा जातो त्या अंगाला उघडं, आणि मधली जागा रिकामी. सगळी करामत त्या रिकाम्या जागेत आहे : वरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे, पंगत बसली आहे आणि एक पाट आपल्यासाठी मोकळा आहे. लाकडी पारवे दाटीने मांडायचे नाहीत. घाबरलेली पाखरं एकमेकांना खेटतात, पोटभर खाणारी अंतर राखून असतात. आणि लपणात बसणाऱ्याने तोंड वर करायचं नाही. वरून बघणाऱ्याला माणसाचा चेहरा चकाकताना दिसतो.

हे सगळं ऐकून नवव्या मजल्यावरच्या एका मुलाने निरागसपणे विचारलं, "आबा, असे किती मारले?"

"आकड्याचं काय घेऊन बसलास?" आबा म्हणाले.

"एक," काकू आतून म्हणाल्या. "तोही विहिरीत पडला. काढायला माणूस उतरवावा लागला."

आबांचं भाषण थांबवायचा हा एकमेव उपाय आहे, पण तोही फार वेळ पुरत नाही. लगेच ते ऑलिंपिकवर येतात. १९०० साली पॅरिसमध्ये जिवंत कबुतरांवर नेम धरायची स्पर्धा झाली होती. त्याच पॅरिसमध्ये २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, तेही कागदी नाही तर इलेक्ट्रॉनिक निशाणावर, एकाही पाखराला धक्का न लावता. "आणि नळी केवढी? ५.६ मिलिमीटर!" आबा करंगळी दाखवतात. "फोर-टेनच्या जवळपास निम्मी. मी काय सांगत होतो?" स्वप्नीलने हे ऐकलं असतं तर आपल्या यशाचं खरं कारण त्यालाही नव्याने कळलं असतं.

कायद्याबाबत मात्र आबा कडक आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जमाना संपवला, हे त्यांना पाठ आहे. त्याच्या जुन्या चौथ्या परिशिष्टात कबुतरांचं सगळं कुळ होतं, पारवा तेवढा वगळलेला. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टंच नव्याने मांडली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. हरियालाचा तर विषयच काढायचा नाही, तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आणि परिशिष्टात काहीही असो, माणसांच्या वस्तीत बार काढणारा तुरुंगात जायच्याच लायकीचा, असं आबाच ठणकावतात. नवव्या मजल्यावरच्या मुलाने एअरगनची कल्पना मांडली तेव्हा ते असे उसळले की सिक्युरिटीवाला धावत आला. त्यावर मुलाने सालीम अलींचा दाखला दिला : त्यांनीही लहानपणी एअरगनने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती ओळखायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. आबा म्हणाले, "तू चिमणी घेऊन सोसायटीत गेलास, तर आपली सोसायटी दंडाची पावती देईल."

व्हाइटफील्डवर आबांचा जीव जडला तोही फोर-टेनमार्गे. इनर सर्कलला फिरायला गेल्यावर कुणीतरी त्यांना गावाचा इतिहास सांगितला : १८८२ साली म्हैसूरच्या चामराज वडेयार महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला शेतीवसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली, आणि त्या संस्थेच्या डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाला नाव पडलं. दुसरा कुणी यावर 'अरे वा' म्हणून पुढे गेला असता. आबा जागीच उभे राहिले. "शेती होती म्हणजे दाणा होता. दाणा होता म्हणजे पारवा होता. पारवा होता म्हणजे साहेबाकडे फोर-टेन असणारच." पुरावा विचारला तर ते उरल्यासुरल्या कौलारू बंगल्यांकडे बोट दाखवतात. कौलांवर पारवे बसलेले असतात, हे खरं आहे.

त्या साहेबांची शेती गेली, आयटी पार्क आला, २०२३ साली मेट्रोही कडुगोडीपर्यंत पोचली, पण पारवा हलला नाही. उलट त्याची चंगळ झाली. पारव्याचे पूर्वज कड्याकपारींतले. त्याला झाड नको, कपार हवी, आणि बिल्डरने त्याला मजल्यागणिक कपारी बांधून दिल्या : एसीच्या बाहेरच्या डब्यामागची वीतभर जागा, युटिलिटीचा कठडा, पाइपांचा डक्ट. चार काड्या टाकल्या की घरटं. दोन अंडी, सतरा-अठरा दिवसांची ऊब, मग नर आणि मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध पिलांना पाजतात, आणि ही पिलं उडायच्या आत पुढच्या अंड्यांची तयारी. आबा डक्टमध्ये डोकावले, आतला घुमणारा आवाज ऐकला, आणि म्हणाले, "ही तर आमच्या गावची विहीर. फक्त जमिनीच्या वर बांधलीय."

असोसिएशनच्या सभेत पारव्यांचा विषय आला तेव्हा नेहमीप्रमाणे दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या गॅलऱ्या घाण झाल्या होत्या, त्यांच्यातल्या एका आजींना डॉक्टरांनी विष्ठेच्या धुळीपासून फुप्फुसं जपायला सांगितलं होतं. दुसरा पक्ष रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकून पुण्य जोडणारा. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि ती ओढून काढायला लोक धावले, ते दृश्य सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं होतं, त्यामुळे सेक्रेटरीबाई जपून बोलत होत्या. सगळीकडे जाळ्या लावायच्या तर खर्च दांडगा. भीती दाखवायला आणलेल्या प्लॅस्टिकच्या घुबडाच्या पायाशी एका पारवीने अंडी घातली होती.

आबा उठले. "घुबड म्हणजे धाक. धाकाची सवय होते, मोहाची होत नाही." आणि त्यांनी योजना मांडली. क्लबहाउसच्या गच्चीवर नकली पारवे मांडायचे. खरे पारवे डक्ट सोडून तिकडे उतरायला लागले की मागच्या मागे डक्टला जाळी ठोकायची. बंदूक नाही, छर्रा नाही, खर्च एका डझन प्लॅस्टिकच्या पारव्यांचा. सभा लांबली होती, लोकांना भूक लागली होती. ठराव मंजूर झाला.

मुलाने डोक्याला हात लावून नकली पारवे ऑनलाइन मागवले. जुलैचा पश्चिमेचा वारा होता. आबांनी गच्चीवर रीतसर नाल मांडली : चोची के. आर. पुरमकडे, तोंड कडुगोडीच्या अंगाला उघडं. कपडे वाळत घालायचा स्टँड आणि दोन जुन्या योगा मॅट यांचं लपण तयार झालं. आत आबा, डोक्यावर काकूंची राखाडी शाल, मांडीवर छत्री. पाखरू टप्प्यात आलं की छत्री खांद्याला लागायची, पाखराच्या जरा पुढे सरकायची, आणि आबा हळूच म्हणायचे, "ठो."

सुरुवातीला एक कावळा आला आणि नकली पारव्याच्या डोक्यावर ऐटीत बसून राहिला. आबांनी त्याला ज्या शब्दांत हाकललं ते निपाणी-चिकोडीकडचे होते. मग एक जोडी आली, वरून घिरटी घालून गेली, परत आली, वाऱ्याला तोंड देऊन नालेच्या मधोमध उतरली. आबांचे हात थरथरत होते. त्यानंतर दहा आले, मग आख्खा डक्ट आला. शेजारच्या सोसायटीतले आले. मॉलवरचे आले. सिक्युरिटीवाला खालून ओरडायला लागला, "आबा, पारिवाळ बंतु, पारिवाळ बंतु!" पुण्य जोडणाऱ्या पक्षाला एवढे गोळा झालेले दिसल्यावर राहवेना, त्यांनी वरच्या गॅलऱ्यांतून ज्वारीचा वर्षाव सुरू केला. योजनेत एकच गोष्ट सुटली होती : जाळीवाला आलाच नाही. त्यामुळे पारवे दिवसा गच्चीवर जेवू लागले आणि रात्री मुक्कामाला डक्टमध्ये जाऊ लागले. शेजारच्या स्विमिंग पूलला कुलूप लागलं. योगाचा वर्ग पार्किंगमध्ये गेला.

आबांना यातलं काही दिसत नव्हतं. ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "अठरा पावलं! छत्रीने बघितलंय मी, अठरा!"

शेवटी नोटीस लागली : क्लबहाउसच्या गच्चीवर पक्ष्यांना आकर्षित करणाऱ्या वस्तू ठेवण्यास सक्त मनाई आहे, ठेवलेल्या वस्तू तात्काळ काढाव्यात. खाली सेक्रेटरींची सही, असोसिएशनचा शिक्का. आबा वाईट वाटून घेतील म्हणून आम्ही दोघंतिघं त्यांच्या घरी गेलो. आबा नोटिशीची प्रत लॅमिनेट करून आणून बसले होते. त्यांचे पारवे पाखरं ओढतात, हे गावात कुणी मानलं नव्हतं, घरात तर मुळीच नाही. आता ते शिक्क्यानिशी लिहून मिळालं होतं. काकूही पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत, फक्त चहा ठेवायला उठल्या.

आबांनी नकली पारवे त्याच संध्याकाळी गोणीत भरले, तक्रार न करता. सेक्रेटरीबाईंना मात्र एक अर्ज दिला. नोटीस मान्य आहे, तरी तिच्यात 'आकर्षित करणाऱ्या' या शब्दांच्या आधी 'पंचवीस पावलांच्या आत' अशी दुरुस्ती करावी, नाहीतर कोल्हापुरातले १२ बोअरवाले ती आपल्या नावावर खपवतील.