घूं

डोंबिवलीत रुळांपासून दोन इमारती आत राहणाऱ्या माणसाला अचानक शांतता हवीशी झाली, तर समजावं, त्याने जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घेतलाय. खाली ढोलपथकाचा सराव, वर मिक्सर, बाहेर फास्ट लोकल. आमच्या मित्राचा कान मात्र स्पीकरच्या जाळीला. "घूं येतंय."

घूंच्या जाती दोन. ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा हीटरच्या वायरी बघा. १०० ची असेल तर फिल्टरचे कंडेन्सर सुकलेत. षड्ज तोच, सप्तक वेगळं. (गाण्यात ह्याला भूप-भैरवी कळत नाही.) मग पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हला टिचकी, जो टिंग करेल तो गुन्हेगार. आत बोट घालायचं नाही. स्विच बंद केला तरी कंडेन्सर तीन-चारशे व्होल्ट धरून बसतात, सासुरवाडीच्या रागासारखे. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, करकर गेली, वहिनी घामाघूम.

घूं तशीच. शेवटी संशय रेल्वेवर: २०१५ साली मुख्य लाइन १५०० व्होल्ट डीसी पुरती सोडून २५,००० व्होल्ट एसीवर गेली, तिथेच सूर बिघडला म्हणे.

तेवढ्यात वीज गेली.

"बघ," तो अंधारात म्हणाला, "आता काय स्वच्छ वाटतंय!"