ताप बुधवारी यावा

आजारी पडण्यालाही काही शिस्त असते, हे आमच्या गावातल्या एका नामांकित खासगी रुग्णालयाने आपल्या सिस्टरांना एकदाचे लेखी बजावले. (नाव सांगत नाही, उद्या पाय मोडला तर मला तिथेच जायचे आहे.) आजारपणाच्या रजेचा अर्ज एक दिवस आधी द्यावा. शनिवार-रविवारी आलेला आजार संशयास्पद धरला जाईल. साप्ताहिक सुट्टीला लागून आजारी पडल्यास ती सुट्टीही रजेतच मोजली जाईल. या शेवटच्या नियमाला एचआरवाले 'सँडविच' म्हणतात. दोन पावांत सिस्टरचा हक्काचा ऑफ घालायचा आणि व्यवस्थापनाने खायचा. दाखला रुग्णालयाच्याच डॉक्टरचा हवा. ओपीडी रविवारी बंद असते. केसपेपरवर स्टाफला सवलत आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे.

एका शनिवारी संध्याकाळी नाइट असलेल्या सिस्टरने इनचार्जना फोन केला. "मॅडम, 102 ताप आहे, उभं राहवत नाही."

"अगं, शनिवारीच बरा येतो गं तुला ताप! आता नाइटला कुणाला उभं करू मी? गोळी घे आणि ये. इथे आलीस की सलाईन लावू."

ती आली. शब्द दिल्याप्रमाणे सलाईनही लागले. मध्यरात्री स्वतःच्या हातातले इंट्राकॅथ सांभाळत ती सात नंबरच्या आजोबांना इंट्राकॅथ लावत होती. आजोबांच्या मुलाने आळीपाळीने दोघांकडे पाहिले आणि हळूच विचारले, "यातलं ॲडमिट कोण?"

इनचार्जबाईंना तरी काय बोलणार? रोस्टरवर खोडाखोड करायला त्यांच्याकडे पेन्सिल आहे, माणूस नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की, अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, शिवाय रजा राखीव म्हणून 30 टक्के जास्त. म्हणजे परिचारिका आजारी पडतात, असे परिषदेने धरूनच ठेवले आहे. कसले हे निराशावादी धोरण! आमच्या रुग्णालयाचा आपल्या माणसांच्या प्रकृतीवर दांडगा विश्वास. तिथे तीस खाटांना रात्री दोन सिस्टर आणि रविवारी दीड. अर्धी आयसीयूतून उसनी. राखीव 30 टक्के दिसतात ते तपासणी पथक येते त्या दिवशी.

कौतुकात मात्र कमतरता नाही. 2024 साली 12 मे, म्हणजे परिचारिका दिन, नेमका रविवारी आला. ऑफिसला सुट्टी, म्हणून केक शनिवारीच कापला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोपुढे संचालक गहिवरून म्हणाले, "या माउलीने कधी रजा मागितली का?"

माउलीला 1855 मध्ये क्रिमियात असा ताप आला होता की, ती वाचेल असे वाटत नव्हते. 1857 पासून तर दुखण्याने तिला वारंवार अंथरूण धरावे लागले. सैन्याच्या आरोग्यावरचे कितीतरी काम तिने तशा अवस्थेत, घरी बसून केले. एका जुन्या सिस्टरने धीर करून हे संचालकांच्या कानावर घातले.

संचालकांचा चेहरा खुलला. "म्हणजे आडवं पडूनही काम होतं तर!"

सोमवारपासून आजारी सिस्टरांनी राहिलेल्या नर्सिंग नोट्स घरून संगणकात भरायच्या आहेत. पगार अर्थातच कापलेला असेल, कारण त्या रजेवर आहेत.