मागेल त्याला उत्तर

सर्व्हर बहुतेकांनी पाहिलेला नसतो. तो 'डाऊन' असल्याचं मात्र प्रत्येकानं ऐकलेलं असतं. सातबारा काढायला जा, रेशनच्या यंत्रावर अंगठा टेकवा, पासबुक भरून घ्यायला जा, खिडकीपलीकडून मान वर न करता उत्तर येतं, "सर्व्हर डाऊन आहे." या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. साहेब जेवायला गेलेत म्हटलं तर बाकावर बसून वाट पाहता येते. शाई संपली म्हटलं तर खिशातलं पेन पुढे करता येतं. सर्व्हरपुढे मात्र भलेभले तालेवारही पिशवी सावरत मुकाट घरी जातात.

ज्याचा एवढा दरारा, तो आपल्या घरी एक असावा असं मला निवृत्तीनंतर वाटू लागलं. कुणी हार्मोनियम शिकतं, कुणी गच्चीवर दोडके लावतं. ज्याची त्याची हौस. भाची याच व्यवसायात आहे, म्हणून तिला फोन केला.

"मामा, सात-आठ ओळी लागतात," ती म्हणाली. "आणि एक लॅपटॉप. तुझा जुनाच चालेल."

"आणि ते थंडगार खोलीतलं कपाट? दिवे लुकलुकतात ते?"

"ते लाखो लोक येणार असतील तर. तुझ्याकडे कोण येणारे?"

हा प्रश्न तिनं तांत्रिक अर्थानं विचारला असावा.

तिचं म्हणणं तसं खरंच होतं. जगातला पहिला वेब सर्व्हरसुद्धा एक टेबलावरचा संगणकच होता. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तो चालू केला आणि वर लाल शाईनं चिठ्ठी लिहून चिकटवली: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. एखाद्यानं झाडलोट करताना बटण दाबलं असतं तर अख्खं वर्ल्ड वाइड वेब डाऊन झालं असतं. मीही तशी चिठ्ठी लिहिली, पण आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाईंच्या अधिकाराला चिठ्ठीनं बाध येत नाही.

सर्व्हर लिहायचा तो जावास्क्रिप्टमध्ये. नोड नावाचा प्रोग्रॅम एकदा उतरवून घेतला की पुढचं सगळं एका छोट्या फाइलीत मावतं. पहिल्या ओळीत नोडच्या कोठारातलं 'एचटीटीपी' हे सामान मागून घ्यायचं. मग 'क्रिएटसर्व्हर' म्हणायचं आणि कंसात एक फंक्शन द्यायचं. त्या फंक्शनच्या हाती दोनच गोष्टी येतात: रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स, म्हणजे आलेल्यानं काय मागितलं आणि आपण त्याला काय द्यायचं. द्यायचा तो मजकूर 'एंड'मध्ये लिहायचा. शेवटी 'लिसन' म्हणून एक पोर्ट नंबर सांगायचा. एका यंत्रावर ६५,५३५ पर्यंत पोर्ट असतात. वेबचा मानाचा पोर्ट ८०, पण १०२४ च्या खालचे पोर्ट बऱ्याच यंत्रांवर विशेष अधिकाराशिवाय मिळत नाहीत. म्हणून शिकाऊ लोक ३००० घेतात. मीही तोच घेतला.

फाइल चालवली आणि काहीच झालं नाही. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहिला.

"बंद पडला गं."

"बंद कुठे? चालू आहे तो. वाट बघतोय."

सर्व्हरचं काम नव्वद टक्के हेच आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाकीचे प्रोग्रॅम काही तरी करून मोकळे होतात, हा दार उघडून बसतो. कुणी आलं तर उत्तर देतो, नाही आलं तर बसून राहतो. तक्रार नाही, जांभई नाही. निवृत्त माणसाला हा नोकर पाहताक्षणी आवडावा यात नवल नाही.

पहिला पाहुणा अर्थात आपणच. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता टाकला की यंत्र स्वतःलाच हाक मारतं. गंमत म्हणजे स्वतःशी बोलण्यासाठी हा एकच पत्ता राखलेला नाही. १२७ नं सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पत्ते याच कामासाठी ठेवलेत. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपास. २०११ मध्ये त्यांचा मध्यवर्ती साठा संपला आणि जगभर टंचाई झाली. तरी स्वगताचा कोटा कुणी कापला नाही. ज्यांनी तो ठरवला त्यांना माणसाची चांगली पारख असावी.

कोण आलं-गेलं याची नोंद टर्मिनलवर छापायला सांगितली होती. मी एकदाच गेलो, नोंदी मात्र दोन. एक माझी, दुसरी 'फेव्हआयकॉन' मागणारी. ब्राउझरच्या टॅबवर जे नखाएवढं चित्र दिसतं, ते ब्राउझर आपण न सांगता मागून घेतो. १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीनं ही सवय लावली आणि ती सगळ्यांनी उचलली. पाहुण्यांसोबत आलेलं पोर कसं बूट काढायच्या आत "खाऊ?" म्हणतं, तसं काहीसं.

पण मग एकाच वेळी पुष्कळ जण आले तर हा एकटा कुणाकुणाला उत्तर देणार? हा प्रश्न जुना आहे. एका यंत्रानं एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे, हे कोडं डॅन केगेल यांनी १९९९ मध्येच मांडलं होतं. तेव्हाचे प्रचलित सर्व्हर दर ग्राहकामागे एक स्वतंत्र थ्रेड किंवा प्रोसेस राखून ठेवत. डेटाबेसमधून काही आणायचं असलं की तो थ्रेड ते येईपर्यंत तिथंच खोळंबून उभा. म्हणजे दळण टाकायला गेलेल्या माणसानं पीठ पडेपर्यंत गिरणीतच हाताची घडी घालून थांबायचं. घरात आणखी कामं असतील तर त्यांना आणखी माणसं जुंपायची. शहाणा माणूस असं करत नाही. तो डबा ठेवतो, गहू आहेत, बारीक हवं एवढं सांगतो आणि भाजी आणायला, इस्त्रीचे कपडे टाकायला निघून जातो. जाताना म्हणतो, "झालं की हाक मारा." ती हाक म्हणजेच कॉलबॅक.

नोडची सगळी करामत या एका वाक्यात आहे. माणूस एकच, पण तो कुठंच थांबत नाही. दळायला ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि काही जड कामांसाठी 'लिबयूव्ही' या नोडच्या मदतनीस लायब्ररीनं पदरी ठेवलेले चार थ्रेड आहेत. हा फक्त हाका ऐकत फिरतो. अडचण येते ती त्यानं स्वतःच जातं मांडलं तर. म्हणजे एखादं भलं मोठं गणित सर्व्हरच्या त्या एका फंक्शनमध्येच घातलं, तर तो घरघर दळत बसतो आणि बाहेरच्या साऱ्या हाका हवेत विरतात. "आपण करत बसायचं नाही, करून घ्यायचं," भाचीनं सूत्र सांगितलं. हे सूत्र पाळून बढती मिळवलेले दोन-तीन साहेब मला लगेच आठवले.

ही कल्पना घेऊन २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं. गणितातलं डॉक्टरेटचं शिक्षण अर्धवट सोडलेला हा तरुण. फ्लिकरवर फोटो चढवताना किती टक्के झालं हे दाखवणारी पट्टी सरकते, तिनं त्यांना विचारात पाडलं. ते कळायला ब्राउझरला पुन्हा पुन्हा विचारावं लागे: किती झालं? आता किती? घरात असा एक माणूस असला की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. डाल यांनी भाषा निवडली जावास्क्रिप्ट, आणि कारण मोठं मजेदार. तिला फाइल वाचणं, नेटवर्कशी बोलणं यांतलं काहीच येत नव्हतं, त्यामुळे थांबून राहायची वाईट सवयही लागलेली नव्हती. ब्राउझरमध्ये ती क्लिकची वाट पाहण्यातच वाढली होती. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी जेमतेम दहा दिवसांत उभी केलेली ही भाषा. घाईत झाल्याच्या खुणा अजून अंगावर वागवते. सर्व्हरवर तिला चालवायचा प्रयोग नेटस्केप या ब्राउझर कंपनीनं तेव्हाच करून पाहिला होता, पण तो मुहूर्त लागला नाही. क्रोमसाठी गूगलनं व्ही-एट हे वेगवान इंजिन केलं, ते डाल यांनी उचललं, आणि मग लागला.

याच डाल यांनी २०१८ मध्ये बर्लिनला भर परिषदेत 'नोडबद्दल मला वाटणाऱ्या दहा खंती' अशा विषयावर भाषण दिलं. जिथं नोड पहिल्यांदा दाखवलं तेच शहर, त्याच परिषदेचं व्यासपीठ. आपल्याकडे योजना आखणाऱ्यानं पुन्हा त्याच मांडवात येऊन असं काही बोलल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मला स्वतःला मात्र सर्वांत भुरळ पडली ती 'एंड'ची. रिस्पॉन्स संपवलाच नाही, तर पलीकडचा ब्राउझर कंटाळेपर्यंत गरगर फिरत बसतो. सर्व्हर काही बिघडलेला नसतो. त्यानं फक्त विषय लोंबकळत ठेवलेला असतो. म्हणून नियम असा, की काहीही मागू दे, उत्तर द्यायचं आणि संपवायचं. 'नाही' हेही उत्तरच, आणि प्रत्येक उत्तराला एक ठरलेला आकडा. ४०४ म्हणजे असं काही आमच्याकडे नाही. ४१० म्हणजे होतं, आता नाही, पुन्हा चौकशी नको. ४०३ म्हणजे तुमचं म्हणणं समजलं, तरी मिळणार नाही. ३०१ म्हणजे बिऱ्हाड कायमचं हललं, हा नवा पत्ता. २०४ सर्वांत सभ्य: काम झालं, सांगण्यासारखं काही नाही. 'बघू', 'कळवतो', 'सोमवारी चक्कर टाका' या शब्दांवर ज्याची हयात गेली, त्याला ही यादी वाचून गहिवरून येतं. लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडच्यांनी ४०६, म्हणजे 'पसंत नाही', पाठवून मोकळं केलं असतं तर किती आत्याबाईंचा फोनचा खर्च वाचला असता.

अर्थात यादी करणारी माणसंच. ५०३ सोबत 'इतक्या वेळानं या' अशी सूचना जोडता येते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीची सोय आहे. ४०२ म्हणजे 'पैसे भरा'. तो 'पुढेमागे लागेल' म्हणून राखून ठेवलाय आणि अजून तसाच राखलेला आहे. आणि ४१८ हा १९९८ च्या एक एप्रिलची थट्टा: मी चहाची किटली आहे, माझ्यात कॉफी होणार नाही. नोडच्या अधिकृत यादीत हा आकडा आजही आहे. २०१७ मध्ये तो काढून टाका म्हणून सूचना आली, तेव्हा तो वाचवण्यासाठी मोहीम झाली आणि किटली जिंकली.

सर्व्हरनं मराठी बोलावं म्हणून मी मजकूर ठेवला 'नमस्कार'. इथं एक पथ्य आहे. अक्षरं यूटीएफ-८ मध्ये आहेत हे ब्राउझरला स्पष्ट सांगावं लागतं. न सांगितल्यास तो अंदाज बांधतो, आणि पडद्यावर कानावर टोप्या चढवलेल्या परक्या 'ए'ची रांग उभी राहते. मध्ये मध्ये चलनाची चिन्हं, आणि मोडक्या 'स'च्या हलन्ताच्या जागी चक्क जपानी येन. दुसरं पथ्य लांबीचं. जावास्क्रिप्टला 'नमस्कार'ची लांबी विचारली तर ती सात सांगते, पण तारेवरून जाताना आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकूण एकवीस. लांबी सात कळवली तर ब्राउझर सात बाइट घेऊन दार लावून घेतो. पाहुण्याला मिळतं 'नम' आणि पुढे एक काळी प्रश्नचिन्हाची चौकट. अर्धाच नमस्कार घेऊन गेलेला माणूस परत येत नाही.

मग घरगुती वापर सुरू झाला. लॅपटॉप आणि फोन एकाच वाय-फायवर असले की फोनवरूनही सर्व्हरला हाक मारता येते. मी दोन-तीन वाटा आखल्या. '/कॉफी' मागितली की ४१८. '/चहा' मागितला तर २०२. पत्त्यातला 'चहा' सर्व्हरपर्यंत पोहोचतो तो टक्केचिन्हांनी भरलेला, सत्तावीस अक्षरांचा होऊन. तो उलगडून पुन्हा चहा करावा लागतो. २०२ चा अर्थ, विनंती स्वीकारली आहे, काम अजून व्हायचंय. नियमावलीत पुढे असंही म्हटलंय की ते होईलच असं नाही, आणि हे उत्तर मुद्दामच कशात न गुंतवणारं आहे. यादीतला एवढाच आकडा मला अगदी आपल्या मातीतला वाटला.

सौभाग्यवतींनी बाहेरच्या खोलीतून फोनवर '/चहा' टाइप केलं. टर्मिनलवर नोंद उमटली. काही मिलिसेकंदांत उत्तर गेलं. थोड्या वेळानं त्या फोन हातात घेऊन दारात आल्या.

"अहो, 'विनंती स्वीकारली आहे' म्हणजे काय? आधण कोण ठेवणार?"

मी भाचीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि २०२ ची नियमावली तिच्याच तोंडून मामीला ऐकवायला सांगितली.

"मामा," ती म्हणाली, "सर्व्हर मस्त झालाय तुझा. आता बॅकएंडला ऊठ, आणि मामीच्या कपात साखर कमी घाल."