पुली

मे महिन्यात रात्री साडेअकराला भाचेबुवा लिंबायतहून रिक्षा करून माझ्या दारात हजर झाले. कडेवर कॉम्प्युटरचा डबा, वर आईची जुनी साडी पांघरलेली. मला वाटलं, घरात भांडण झालं.

"नाही मामा. तुमच्या खोलीत एसी आहे ना!"

भाचेबुवा साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करतात. कंपनीने ठरवून दिलेला वेग त्यांना कशाचाच मान्य नाही. लग्नाचा विषय काढला की मात्र "घाई काय आहे?" प्रोसेसर त्यांनी मुद्दाम नावामागे 'के' असलेला घेतलाय. इंटेलच्या या जातीत गुणक मोकळा असतो. 100 मेगाहर्ट्‌झच्या मूळ ठोक्याला 42 ने गुणायचं की 45 ने, हे मालकाने ठरवायचं. त्यांचं कुलदैवत म्हणजे सेलेरॉन 300ए, 1998 सालची स्वस्त चिप. तिला 66 ऐवजी 100 चा ठोका दिला की 300 ची 450 व्हायची. भाचेबुवाही 1998 चेच. हा योगायोग आहे असं त्यांना वाटत नाही.

हेल्मेट हँडलला लटकवून गाडी चालवणारा हा माणूस प्रोसेसरपुढे मात्र सुईणीसारखा सावध. आधी सगळ्या डिझाइनांची कॉपी वेगळ्या डिस्कवर. मग पंख्यातली धूळ. सुरतेत ती निम्मी लूमच्या तंतूंची असते. जुनी पेस्ट पुसून नवी मटाराच्या दाण्याएवढी. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन गुणक एकानेच वाढवायचा, तासभर प्राइम95 ने प्रोसेसरला राबवायचं आणि तापमान बघत बसायचं. 85 अंशांच्या वर गेलं की माघार. व्होल्टेजला सगळ्यात शेवटी हात, तोही चिमटीने. "वेग वाढवला तर उष्णता त्या हिशेबात वाढते मामा, व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या हिशेबात." हे गणित दहावीत जमलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते.

47 लावल्यावर स्क्रीन काळी पडली. भाचेबुवांनी शांतपणे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, पाच मिनिटं थांबले, परत बसवला. बोर्ड सगळं विसरून मूळपदावर. असा सेल आमच्या ताईला असता तर 2006 च्या पुरात भिजलेल्या शालूबद्दल दाजींना अजून ऐकून घ्यावं लागलं नसतं.

दाजी मागोमाग आलेच होते, लेकाला न्यायला. तीस वर्षं लूमच्या खात्यात काढलेला माणूस. थोडा वेळ ते आकडे बघत बसले.

"म्हणजे पुली बदलतोस."

"काय?"

"मोटरची पुली बदलली की लूम जोरात पळतो. फटके वाढतात, धागाही जास्त तुटतो. तो जोडायला लूम थांबवायचा. पगार मीटरवर. संध्याकाळी मोजलं की कापड तेवढंच."

"इथे धागा तुटत नाही पप्पा. फार तापला तर प्रोसेसर आपोआप हळू होतो."

"मग तेच की," दाजी म्हणाले आणि माझ्या पलंगावर आडवे झाले.

पहाटे चारला 45 स्थिर झाला. तापमान 81. भाचेबुवांनी मला हलवून उठवलं आणि साडीची दोन जीबीची टिफ फाइल सेव्ह करून दाखवली. आधी 52 सेकंद लागायचे. आता 51.

"एकच सेकंद?"

"फाइल डिस्कवर उतरते ना मामा. डिस्क जुनी, फिरणारी आहे. तिला काय करणार?"

नवी एसएसडी घे म्हणालो. पण भाचेबुवांचं लक्ष नव्हतं. ते 46 लावून बघत होते.

पाऊस पडेपर्यंत तो डबा माझ्याकडेच होता. भाचेबुवाही.